न्यूक्लिअर फॅमिली किट: ६४९९ रुपये, ५ पैकी २ स्टार

रिव्ह्यू लांबलचक होणार हे आधीच सांगून ठेवतो. ॲपवर या किटला चार-सव्वाचार स्टार दिसून राहिले आणि खाली कॉमेंट काय तर "पॅकिंग मस्त", "डिलिव्हरी दोन दिवसांत", "पोट्ट्याला खूप आवडला". अरे भाऊ, गॅस मास्क आहे तो, वाढदिवसाचं गिफ्ट नाहीये. एकानेही लिहिलं नाही की फिल्टर कोणता आलाय. म्हणून मी लिहून राहिलो.

घेतलं काहून, तर २०२५ चा मे महिना आठवा. ७ तारखेला देशभर सिव्हिल डिफेन्सचं मॉक ड्रिल ठरलं होतं, टीव्हीवर दिवसभर सायरन, ब्लॅकआउट, तळघर, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर त्याआधी दोन दिवसच युद्ध सुरू झालं होतं. कोणी तांदूळ किती भरायचे विचारून राहिलं, कोणी अणुबॉम्ब पडला तर केळीच्या पानात गुंडाळून घ्या म्हणून फॉरवर्ड टाकून राहिलं. त्यातच माझ्या मेहुण्यानं ही लिंक टाकली, "भाऊजी, घेऊन टाका, नंतर मिळणार नाही." नाव काय तर न्यूक्लिअर फॅमिली किट. केमिकल, बायोलॉजिकल, रेडिओलॉजिकल, न्यूक्लिअर, चारही गोष्टींपासून संरक्षण, सीबीआरएन सर्टिफाइड, १०० टक्के. घाबरलेला माणूस काहीही घेतो, मीपण घेतलं.

आता माझी लायकी काय हे लिहिणारा, तेही सांगतो. मी नागपुरात कळमन्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये १४ वर्षं प्लँट ऑपरेटर होतो. मिरचीची पोती, चिंच, आणि ते थंड ठेवायला अमोनिया. त्यामुळे अणुबॉम्बमधलं मला काही कळत नाही पण गॅस नाकात गेला की माणसाचं काय होतं आणि मास्क म्हणजे काय असतो हे अंगावर घेऊन शिकलोय. मास्क हातात घेतल्यावर आधी काय बघायचं हे तरी माहीत आहे.

बॉक्समध्ये निघालं ते असं: तोंडभर काचेचा एक मास्क, एक फिल्टर, पांढरा अंगभर सूट, निळे हातमोजे, बुटावरचे पिशवीसारखे कव्हर, चांदीच्या पट्टीत दहा गोळ्या, आणि एक छोटं स्टिकर जे म्हणे रेडिएशन लागलं की रंग बदलतं. फॅमिली किट आणि मास्क एक. घरात आम्ही पाच जण. आई म्हणे, "मग आम्ही काय बाकीचे बघत बसायचं का रे?" सेलरच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की अजून चार किट घ्या सर, डिस्काउंट देतो.

मास्कची बॉडी मात्र वाईट नाहीये, खोटं कशाला बोलू. रबर मऊ आहे, डोक्यामागे पट्ट्यांची जाळी ठीक आहे, काच मोठी, बाजूचंही दिसतं. फिल्टर फिरवून बसवायचा आटा ४० एमएमचा आहे, म्हणजे त्याच स्टँडर्ड आट्याचा दुसरा चांगला फिल्टर घेऊन लावता येतो, आणि दोनातला एक स्टार याचाच आहे. पण सील होतो का हे बघायची रीत असते ती बुकलेटमध्ये कुठेच नाही. बुकलेट अर्धं चिनी, अर्धं अशा इंग्रजीत की चिनी वाचलेलं परवडलं. रीत सोपी आहे, मास्क घालायचा, फिल्टरचं हवा घ्यायचं तोंड तळहातानं बंद करायचं आणि हळू श्वास आत ओढायचा. मास्क तोंडाला चिकटून थोडा आत दबला आणि दहा सेकंद तसाच राहिला तर ठीक, कुठूनही फुस्स झालं तर तो मास्क नाही, शोभेची वस्तू आहे.

माझा पहिल्यांदा फेल. कारण तीन दिवसांची दाढी. हो, एवढीशी खुंटं पुरतात, रबर आणि कातडीच्या मधे केस आले की तिथून हवा येते. दाढी केली, पुन्हा घातला, पास. बायकोचा चष्मा, चष्म्याची दांडी कानावर जाते तिथे सील तुटतो, तिचा फेल. चष्मा काढून घातला तर पास पण मग तिला समोरचं दिसत नाही. मोठा पोरगा ठीक, लहानी आठ वर्षांची तिच्या तोंडावर तो मास्क म्हणजे बादली उपडी घातल्यासारखा, हनुवटीखालून अख्खा हात जाईल एवढी फट. लहान मुलांसाठी वेगळी वस्तू लागते, इस्रायलमध्ये पोरांना टोपडं आणि बाळांना तंबूसारखं काहीतरी वेगळं वाटप केलं होतं तिथल्या सरकारनं. हे लोक मात्र पोट्ट्याचा फोटो बॉक्सवर छापून मोठ्या माणसाचा साइझ विकून राहिले.

आता मुख्य किस्सा. रविवारी मेहुणा आला, त्याला मास्क घालून रील करायची होती. बॉक्समधून नवाकोरा उचलला, फिल्टर फिरवून बसवला, पट्ट्या खेचल्या, हॉलमध्ये उभा राहिला छाती काढून. चारपाच सेकंदांनी हात हलवायला लागला. आम्हाला वाटलं ॲक्टिंग करून राहिला. पोरं हसून राहिली. मग त्यानं पट्ट्या ओढायला सुरुवात केली आणि त्या काही सुटेनात, तेव्हा मी धावत जाऊन हनुवटीकडून मास्क वर उचलला. तोंड जांभळं झालं होतं बाबाचं. फिल्टरच्या खालच्या तोंडाला रबरी बूच होतं, ते त्यानं काढलंच नव्हतं. काढायचं असतं हेच कुठे लिहिलेलं नाही, आणि बुचाचा रंगही फिल्टरसारखाच काळा.

हसण्यावारी नेऊ नका. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर स्कड मिसाइल पडत होते, सरकारनं लोकांना घरोघरी मास्क दिले होते, केमिकल हल्ला शेवटपर्यंत झालाच नाही, पण फिल्टरचं बूच न काढता मास्क चढवल्यामुळे काही माणसं गुदमरून मेली. तिथे तर सरकार टीव्हीवरून शिकवत होतं, इथे आम्हाला शिकवायला कोण, तर ॲपवरचा तीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यात एक मुलगी मास्क घालून अंगठा दाखवते.

फिल्टरवर येतो, कारण सगळा खेळ तिथे आहे आणि सगळा घोळही तिथेच. फिल्टरच्या डब्यावर रंगीत पट्ट्या असतात, त्या नटवण्यासाठी नसतात. युरोपियन पद्धतीत तपकिरी पट्टी म्हणजे ए, थिनर-पेंट-पेट्रोलसारख्या वाफा. करडी म्हणजे बी, क्लोरीन वगैरे. पिवळी म्हणजे ई, सल्फर डायऑक्साइडसारखे ॲसिडवाले. हिरवी म्हणजे के, अमोनिया. पांढरी म्हणजे पी, धूळ, धूर, जंतू असे कण. अक्षरापुढचा आकडा १, २, ३ म्हणजे ताकद, किती गॅस पिऊ शकतो ते, आणि पी असेल तर कण किती अडवतो ते. अमेरिकन मालावर रंगांचा हिशोब वेगळा असतो, तिथे मॅजेंटा म्हणजे कणांचा, आणि पिवळा-हिरवा बघून गफलत करू नका, अक्षरं वाचा. आमच्या फिल्टरवर काय होतं? तपकिरी पट्टी आणि पांढरी पट्टी. ए१पी२. बस्स. म्हणजे ६४९९ रुपयांत सर्व गॅसवर चालणारं म्हणून जे आलं ते फर्निचरला पॉलिश मारणाऱ्या माणसाचं फिल्टर आहे. चांगलं फिल्टर आहे, पण पॉलिशचं आहे.

मी जिथे १४ वर्षं काढली तिथे हा मास्क घालून गेलो असतो तर अमोनिया सरळ छातीत. हिरवी पट्टी नाही ना. आणि नागपुरात बसून आपल्याला खरी भीती कशाची आहे हेही थोडं बघा की. कोल्ड स्टोरेज आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया, पाणी शुद्ध करतात तिथे क्लोरीन, बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत काय काय असतं ते तिथल्या पोरांना विचारा, आणि रस्त्यावरून रोज जाणारे टँकर. या सगळ्यात तपकिरी पट्टी एखाद दोन ठिकाणीच कामाची.

दुसरी गोष्ट जी ॲपवर कोणी लिहिणार नाही, फिल्टर हवा गाळतो, हवा बनवत नाही. ऑक्सिजन कमी असेल तिथे जगातला सगळ्यात महाग फिल्टरही शून्य. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास, तो १९.५ च्या खाली गेला की फिल्टरवाल्या मास्कचं काम संपलं, तिथे पाठीवर सिलिंडर लागतो. दरवर्षी विहिरीत नाहीतर सेप्टिक टँकमध्ये एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, तुम्ही पेपरात वाचताच. असा मास्क घरात आहे म्हणून कोणी चौथा उतरेल याची मला जास्त भीती वाटते. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तोही या फिल्टरमधून आरामात पार होतो, ना वास ना रंग.

आमच्या प्लँटवर एकदा रात्री व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे गळती रोखणारं पॅकिंग, गेली होती. कोणता प्लँट ते सोडा. अमोनियाचा वास इतका तिखट की थोडा असला तरी माणूस पळतोच, ते एक बरं आहे त्याचं, पण ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भागांना, पोचला की तिथे जिवाशी खेळ. मास्क होते दोन, कपाटात, किल्ली सुपरवायझरकडे, सुपरवायझर घरी. आम्ही काय केलं तर गळ्यात जे होतं ते. नागपूरचा माणूस मेमध्ये दुपट्ट्याशिवाय बाहेर पडत नाही, तो पाण्यात बुडवला, नाकातोंडाला घट्ट बांधला आणि वारा जिकडे चालला होता त्याला आडवं होऊन गेटकडे पळालो. अमोनिया पाण्यात खूप विरघळतो, म्हणून ओलं कापड बाहेर निघेपर्यंत साथ देतं. आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायला नाही हं, फक्त पळायला. डोळ्यांना तो दुपट्टा काहीच करत नाही, दोन दिवस डोळे सुजलेले होते माझे.

भोपाळ इथून गाडीनं सहा-सात तास. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला तेव्हा लोक झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे पळाले, कितीतरी जण गॅसच्याच दिशेनं. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत चालणारा, म्हणून लहान पोरं आधी गेली. त्या रात्री लोकांना ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवे व्हा एवढं जरी कोणी भोंग्यावरून सांगितलं असतं तरी कितीतरी जण वाचले असते. क्लोरीनचंही तसंच, हवेच्या जवळपास अडीचपट जड, म्हणजे वरच्या मजल्यावर जायचं, तळघरात नाही. ग्रुपवर सगळे तळघर तळघर करून राहिले होते, ते अणुस्फोटानंतर जी राख-धूळ पडते त्यासाठी आहे, तेव्हा मधल्या खोलीत नाहीतर खाली, जाड भिंतींच्या आड. अशा जड गॅससाठी उलट. आमच्या बिल्डिंगला तळघरच नाही, पार्किंग आहे, तो भाग वेगळा.

गोळ्या. पट्टीवर ना बॅच नंबर ना एक्स्पायरी, फक्त "अँटी रेडिएशन" असं छापलेलं. अशी गोळी जगात नाही. पोटॅशियम आयोडाइड असतं, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅम, ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत आधीच साधं आयोडीन भरून ठेवतं म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला जागा राहत नाही. बस, एवढंच काम. बाकी शरीराला, बाकी कोणत्या रेडिएशनला त्याचा उपयोग नाही, वेळ चुकली तर तोही नाही, आणि चाळिशीच्या वरच्यांना फायदा कमी. सरकारनं सांगितलं तरच घ्यायची. आमच्या ग्रुपमधले एक काका रोज एक घेऊ का विचारत होते, प्रिव्हेन्शन म्हणून. तारापूरचं अणुकेंद्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे काका, आणि तुम्हाला आधीच थायरॉइडची गोळी सुरू आहे. मी ती पट्टी फेकली, कशाची आहे हेच माहीत नाही तर.

स्टिकर मात्र मनोरंजन आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना बायकोनं ते बाजूला ठेवलं, पारा ४५, दुपारी जाऊन बघतो तर पांढऱ्याचं करडं-निळं झालेलं. म्हणजे बुकलेटनुसार आमच्या गच्चीवर अणुस्फोट होऊन गेला होता. खऱ्या अशा पट्ट्या असतात, त्यांनाही ऊन आणि उष्णतेपासून जपावं लागतं आणि शेजारी रंग जुळवायचा तक्ता असतो, इथे तक्ताच नाही.

सूट म्हणजे कोविडमध्ये पाहिला तोच पातळ पांढरा. घालून गॅलरीत उभा राहिलो, बारा मिनिटं. त्यानंतर बायको म्हणे, "अहो, युद्ध नंतर, आधी लू लागून मराल." घामानं मास्कचा सीलही सरकायला लागतो, हे एसी ऑफिसात टेस्ट करणाऱ्यांना कळणार नाही. गॅमा किरण या कापडातून काचेतून ऊन यावं तसे येतात. धूळ अंगाला लागू नये म्हणून ठीक, काढताना आतली बाजू बाहेर करत गुंडाळत काढला तर. आणि काढणं ही खरंच मोठी गोष्ट आहे, कारण अंगावरचे कपडे काढले की लागलेली बहुतेक घाण त्यासोबत जाते, मग साबणपाणी. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी नर्व्ह गॅस सोडला होता तेव्हा हॉस्पिटलमधल्या स्टाफलाही त्रास झाला, पेशंटच्या कपड्यांतून वाफ येत होती म्हणून. लष्कराचे खरे सूट वेगळे, त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर असतो, आपल्याकडे ग्वाल्हेरच्या डीआरडीओ लॅबनं या विषयात बरंच काम केलंय, ते ॲपवर मिळत नाहीत. आमच्या सुटाची चेन दुसऱ्यांदा घालताना हातात आली.

सर्टिफिकेट मागितलं तर फोटो पाठवला, त्यावर युरोपियन स्टँडर्डचा नंबर, ईएन १४९. हा धूळ-कण अडवणाऱ्या नाकातोंडावरच्या साध्या मास्कचा नंबर आहे. तोंडभर मास्कला ईएन १३६, गॅस फिल्टरला ईएन १४३८७ पाहिजे. हे लिहिलं तर उत्तर आलं, "सर इट इज सीबीआरएन." रिटर्न टाकलं तर हायजीन प्रॉडक्ट म्हणून नाकारलं. त्याच ॲपवर रशियन जीपी-५ नावाचा जुना गॅस मास्क स्वस्तात दिसतो, तो तर हातही लावू नका, त्याच्या जुन्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस निघतं.

शेवटी इतवारीत एका सेफ्टीच्या दुकानात गेलो. चिंचोळं दुकान, बाहेर हेल्मेट आणि गमबूट लटकवलेले. मी म्हटलं गॅसचा फिल्टर द्या. काउंटरवरच्या म्हाताऱ्या काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कोणत्या गॅससाठी?" बघा राजेहो, साडेसहा हजार घेणाऱ्या ॲपनं जे एकदाही विचारलं नाही ते यांनी पहिल्या वाक्यात विचारलं. मी अमोनिया म्हटलं तर पुढचा प्रश्न, "आत जायचंय का बाहेर पळायचंय?" पळायचंय म्हटल्यावर म्हणे मग याच मास्कवर हिरवी पट्टीवाला घ्या, तारीख बघून घ्या, सील उघडू नका, उघडला की हवेतली ओल पिऊन कार्बन मरतो, सहा महिन्यांत फेका. आणि धुळीसाठी आयएस ९४७३ हा भारतीय स्टँडर्डचा नंबर लिहिलेले साधे एफएफपी२ मास्क घरातल्या सगळ्यांना. सगळं मिळून त्या किटच्या निम्म्याहून कमी झालं.

गंमत बघा, आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये १९५७ पासून देशभरातल्या लोकांना हेच शिकवत आलेत. आधी सेंट्रल इमर्जन्सी रिलीफ ट्रेनिंग इन्स्टिट्यूट म्हणत, १९६८ मध्ये नॅशनल सिव्हिल डिफेन्स कॉलेज झालं, नंतर तिथे एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकॅडमी आली. आगीचं राष्ट्रीय कॉलेजही आपल्याकडेच. आणि आमच्या सोसायटीत सायरन खालीवर होत वाजला तर धोका आणि एकसुरी सरळ वाजला तर संपलं, एवढंही कोणाला माहीत नव्हतं, मलापण नाही. होमगार्डमध्ये असलेल्या एका मित्रानं सांगितलं. तो मास्क बघून एवढंच बोलला, "हा घालायला किती सेकंद लागतात तुला?" मोजले, ४७. तो नुसता हसला.

तर दोन स्टार. एक त्या आट्याचा आणि बॉडीचा, दुसरा कशाचा ते सांगतो. दिवाळीआधी गॅलरीच्या ग्रिलला ऑइल पेंट मारला, थिनरचा वास म्हणून तोच तपकिरी पट्टीवाला फिल्टर लावून, तीन तासांत डोकं अजिबात दुखलं नाही. ते बघून आईनं मास्क मागून घेतला. वर्षाचं तिखट घरी करते ती, भिवापुरी मिरची भाजायची आणि कांडायची, दरवर्षी अख्खी बिल्डिंग खोकते. या वर्षी स्वयंपाकघरात ती एकटी मास्क घालून उभी होती, आणि आम्ही सगळे जिन्यात. आतून ओरडून राहिली, "या ना आत, मला तर काहीच होऊन नाही राहिलं!"